सर्वानुमते जाहिरातबंदी

माणसाला काय हवं आहे, हे त्याला स्वतःला सोडून बाकी सगळ्यांना आधी कळतं, हा सृष्टीचा नियम आहे. पूर्वी हे खातं आत्या, माम्या आणि समोरच्या खिडकीतल्या काकू विनामोबदला सांभाळीत. पुढे जग सुधारलं, खिडक्यांना पडदे आले आणि हे खातं संगणकाकडे वर्ग झालं. संगणक हे काम काकूंपेक्षा सरस करतो, यात वाद नाही. काकू निदान दुपारी तासभर झोपत असत.

हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयातले हेडक्लार्क भाऊसाहेब हे या सुधारणेचे पहिले बळी नसतील, पण सर्वांत सज्जन बळी नक्कीच होते. लोक बसमध्ये, आगगाडीत आणि नाटकाच्या थिएटरात जे काही विसरतात, ते सगळं या कार्यालयात येतं आणि राहतं. छतापर्यंत लोखंडी मांडण्या आहेत. त्यांवर चष्मे, काठ्या, एकेकटे हातमोजे आणि कवळ्या. (कवळी हरवलेला माणूस घरी जाऊन काय सांगतो, आणि कसं सांगतो, याचा उलगडा कार्यालयाला अद्याप झालेला नाही.) भाऊसाहेब नाकासमोर चालणारे गृहस्थ. वय पंचावन्न, राहायला थोरल्या ताईकडे. लग्न झालेलं नव्हतं. म्हणजे करायचं नाही असं काही ठरलं नव्हतं. विषय पुढच्या बैठकीत घेऊ असं ठरलं होतं, आणि ती बैठक झालीच नाही.

छत्रीविभाग छत्रीबाई सांभाळीत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि सहसा तिथून बाहेर पडत नसे. ऐन तारुण्यात नवरा गेला, तेव्हापासून त्या नोकरीत. आलेली प्रत्येक छत्री त्या आधी उघडत, डोळे मिटून झटकत, मिटत आणि खिळ्याला टांगत. हे दृश्य भाऊसाहेबांच्या टेबलावरून थेट दिसत असे. टेबल तिथे कोणी आणि का हलवलं, हा निराळा विषय आहे.

तर भाऊसाहेबांना छत्रीबाई फार आवडत. हे वाक्य इतक्या वर्षांत कोणी उच्चारलेलं नव्हतं. भाऊसाहेबांनी तर मनातल्या मनातसुद्धा नाही. पण एका दुपारी डबा खाऊन झाल्यावर, कार्यालयात कोणी नाही असं पाहून, त्यांनी एका बोटाने संगणकात शब्द टाकले: 'वय पंचावन्न, सहकारी, मागणी कशी घालावी'. मग काही तरी वाजलं. (मांडणीवरचं कोणाचं तरी हरवलेलं घड्याळ होतं.) भाऊसाहेबांनी दचकून पान बंद केलं. उत्तर त्यांना वाचायला मिळालंच नाही, पण प्रश्न जिथे पोहोचायचा तिथे पोहोचला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हवामान पाहिलं. डावीकडे आकाश निरभ्र राहील असं होतं आणि उजवीकडे एक अंगठी गोल गोल फिरत होती. बातम्या उघडल्या, तर पुराशेजारी अंगठी. शब्दकोडं उघडलं, तर आडव्या-उभ्या शब्दांच्या मधून गुलाबी अक्षरं सरकत आली: 'तिला सांगितलंत का?' मग प्रकरण वाढत गेलं. नवरदेवाचे कोट आले. डोंगरावरची दोघांची खोली आली, न्याहारीसह. शेवटी मधोमध न खचणारी गादी आली, तेव्हा मात्र भाऊसाहेबांना दरदरून घाम फुटला, कारण यंत्र त्यांच्यापेक्षा बरंच पुढे निघून गेलं होतं.

आणि छत्रीबाई सहीसाठी दिवसातून अनेकदा टेबलाशी येत. त्या येताना दिसल्या की भाऊसाहेब फाइल, परिपत्रक, कोपर, जे हाताला लागेल ते पडद्यावर घालत.

"मान आखडली आहे का हो?" छत्रीबाईंनी एकदा विचारलं. "सारखे वाकडे बसता."

"वारा येतो," भाऊसाहेब म्हणाले. खिडकी बंद होती.

घरी ताईनेही हटकलं. "भाजीत मीठ घालायला विसरले, तरी मिटक्या मारत जेवलास. बरं वाटतंय ना?" भाऊसाहेबांची झोप उडाली. छत्रीबाईंना ते कळलं आणि त्या हसल्या, तर? किंवा त्याहून भयंकर म्हणजे न हसता बदली मागितली, तर? समोरच्या खिळ्यांवर छत्र्या टांगायला दुसरंच कोणी आलं, तर उरलेली नोकरी आणि उरलेलं आयुष्य त्यांना भिंतीकडे बघत काढावं लागणार होतं. त्यापेक्षा हे बंद होणं बरं. म्हणून त्यांनी कार्यालयीन मार्गाने जायचं ठरवलं, कारण दुसरा मार्ग त्यांना माहीत नव्हता.

टिपणी अशी होती: 'संगणकावरील जाहिरातींमुळे कर्मचाऱ्यांचे लक्ष विचलित होऊन कामकाजास बाधा पोहोचत असल्याने ब्राउझरमध्ये जाहिरात अडविणारी प्रणाली, म्हणजेच अ‍ॅड ब्लॉकर, बसविण्याबाबत.' (बाधा पोहोचण्यासाठी आधी कामकाज असावं लागतं, अशी हरकत घेता आली असती. कोणी घेतली नाही.)

इथे वाचकांना कार्यालयाच्या रीतीची कल्पना द्यायला हवी. या कार्यालयात कोणतीही नवी गोष्ट निवड समितीशिवाय येत नाही. मागची समिती झाडू निवडण्यासाठी होती. तिने मऊ झाडू आणि ताठ झाडू असे दोन गट पाडले, स्वतःही त्याच दोन गटांत विभागली गेली, आणि अजून बसते आहे. केर तिच्या पायाशी आहे. अशा कार्यालयात भाऊसाहेबांच्या टिपणीवर सकाळी सही झाली आणि दुपारी समिती बसली. साहेबांनी टिपणी न वाचता सही केली, यात नवल नव्हतं. पण सही केल्यावर त्यांनी ती वाचली, हे अभूतपूर्व होतं.

"तातडीने करा," साहेब म्हणाले. "सुरुवात माझ्या मशिनपासून करा." एवढं बोलून त्यांनी उगाचच डोक्यावरून हात फिरवला.

हिशेब सांभाळणारे नाना एरवी टाचणीच्या मागणीवरही शेरा मारत. ते म्हणाले, "पैशांचं मी बघतो." हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून पंखासुद्धा क्षणभर अडखळला. गोदामातले मामा, ज्यांच्याकडे ट्रंका आणि बोजड सामान असे, कधी कुठल्या बैठकीत बोलत नसत. तेही म्हणाले, "ते हलणारं-डुलणारं काय येतं ते बंद करा बाबा. माणसाला काही मनातलं ठेवायची सोय नाही." छत्रीबाईंनी फक्त मान हलवली, पण जरा जास्तच वेळ हलवली. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. कार्यालयाच्या इतिहासात सर्वानुमते मंजूर झालेला याआधीचा एकमेव ठराव लवकर घरी जाण्याचा होता.

आता ब्लॉकर निवडणं आलं. सामान्य माणूस असल्या गोष्टी दोन मिनिटांत निवडतो आणि म्हणूनच सामान्य राहतो. समितीने शास्त्रोक्त पद्धत ठेवली.

पहिला ब्लॉकर उत्तम होता, हलका होता आणि फुकट होता. तिथेच तो नापास झाला. "फुकट म्हणजे बिल नाही," नाना म्हणाले. "बिल नाही तर मी मंजूर काय करू? आणि सूट कशावर मागू?" थोडी किंमत लावून मग ती कमी करता येईल का, असं पत्र कंपनीला गेलं. उत्तर आलं नाही. हल्लीच्या लोकांना व्यवहार कळत नाही.

दुसरा ब्लॉकर सगळ्या जाहिराती अडवीत असे, फक्त 'स्वीकारार्ह' जाहिराती सोडून. स्वीकारार्ह कोणत्या, तर ज्यांनी ब्लॉकरवाल्यांची गाठ घेतली त्या. ही पद्धत समितीला एका दमात समजली. काही सदस्यांना गहिवरून आलं. एवढ्या लांबच्या, एवढ्या आधुनिक धंद्यातही आपल्यासारखीच माणसं आहेत, याचा आनंद सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता. पण प्रयोगात अंगठी या 'स्वीकारार्ह' यादीतून सुखरूप बाहेर आली आणि भाऊसाहेबांनी तांत्रिक कारण देऊन तो बाद केला.

तिसरा लावला, तर प्रत्येक पान म्हणू लागलं, 'तुमच्याकडे ब्लॉकर दिसतो, तो काढा, मग आत या.' त्या सूचनेला अडवणारा आणखी एक ब्लॉकर मिळतो, असं कळलं. त्यालाही ओळखणारी पानं असतात. त्यांनाही चकवणारा ब्लॉकर असतो. साहेबांना ही रचना फार आवडली, कारण तिच्यात कितीही पदं निर्माण करता येत होती. मात्र चार ब्लॉकर एकावर एक चढवल्यावर नानांच्या संगणकाने वर मान करायचंच सोडलं.

दरम्यान, ब्लॉकर शोधशोध शोधल्यामुळे सर्वांच्या पडद्यावर ब्लॉकरच्याच जाहिराती नाचू लागल्या होत्या. त्यातलाच एक चौथा. 'कडक' असं त्याचं नाव होतं. मामांना नाव भरवशाचं वाटलं आणि तो निवडला गेला.

कडक खरोखरच कडक निघाला. अंगठी गेली. कोट, खोली, गादी, सगळं गेलं. भाऊसाहेबांनी हवामान उघडलं, तर फक्त हवामान होतं. त्यांना एकदम मोकळं वाटलं आणि लगेच ओकंबोकं वाटलं. मग त्यांनी सवयीने कार्यालयाचं स्वतःचं पान उघडलं आणि ते थक्क झाले.

कार्यालयाच्या पानावर पूर्वी साहेबांचा फोटो असे (एका छत्रीकडे दूरदृष्टीने पाहताना). खाली साहेबांचा संदेश, मग साहेबांच्या साहेबांचा संदेश, 'आपली वस्तू, आमची जबाबदारी' हे सरकतं वाक्य, उद्घाटनांची चित्रं आणि यशोगाथा. कडकने हे सगळं जाहिरात म्हणून उडवलं होतं. पांढऱ्याशुभ्र पानावर दोनच गोष्टी शिल्लक होत्या: कार्यालयाची वेळ आणि फोन नंबर.

योगायोग असा की हा ब्लॉकर त्या दिवसांत शहरात बऱ्याच जणांनी बसवला होता. फोन वाजला. फोन कुठे आहे, हे शोधण्यात थोडा वेळ गेला. तो हरवलेल्या फोनांच्या मांडणीवर होता. पलीकडून कोणी तरी विचारत होतं, "माझी छत्री राहिली होती हो, मिळेल का?" मिळेल, असं सांगण्याचा प्रसंग या कार्यालयावर प्रथमच आला होता.

मग लोक येऊ लागले. वस्तू द्यायची पद्धत ठरलेली आहे. मालकाने मांडणीकडे पाठ करून उभं राहायचं आणि वस्तूचं वर्णन करायचं. खूण पटली की समोरचा कारकून 'ओळख पटली' म्हणतो आणि वस्तू हातात देतो. पद्धत कडक असली तरी लोकही तयारीचे होते. पाठ करून कोणी छत्रीच्या मुठीवरचा चरा सांगत होता, कोणी काठीचा आवाज. एक आजोबा कवळी घ्यायला आले. त्यांचं वर्णन कोणालाच समजलं नाही, पण तेवढ्यावरूनच ओळख पटली.

मांडण्या भराभर रिकाम्या झाल्या. छत्रीबाईंच्या भिंतीवर खिळेच जास्त दिसू लागले. नानांनी चष्मा पुसला आणि सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं. "या वेगाने चाललं, तर पुढच्या महिन्यात इथे हरवलेलं असं काही राहणार नाही. मग आपण कशाला?" कार्यालयावर असं संकट कधी आलं नव्हतं. आग लागली असती, तर निदान पंचनामा करता आला असता.

भाऊसाहेबांचं संकट त्याहून मोठं होतं. कार्यालय बंद झालं, तर छत्रीबाई कुठल्या कुठे जाणार. लाज झाकायला आणलेल्या ब्लॉकरने ज्या माणसापासून लाज झाकायची ते माणूसच उडवायला घेतलं होतं.

साहेबांनी तातडीची बैठक बोलावली आणि संगणकाची जोडणी बघणाऱ्या वायरवाल्यालाही बसवून घेतलं. ब्लॉकर ठेवून फक्त साहेबांचा फोटो परत आणता येईल का, म्हणजे मागोमाग बाकीचं येऊन नंबर पुन्हा खाली दडेल, असा प्रश्न होता.

"येईल की," वायरवाला म्हणाला. "पण ढील दिली की इतर जाहिरातीही येणार. केसांच्या वगैरे."

"केसांच्या?" साहेब म्हणाले. "माझ्या मशिनवरचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या कसलं साहेब, सगळ्यांच्याच मशिनवर येतं. या ऑफिसातून बाहेर जाणारी लाइन एकच आहे. बाहेरच्यांना वाटतं, आत एकच माणूस बसलाय. एकाने काही शोधलं की पाचही जणांना तेच दिसतं."

म्हणजे जगाच्या दृष्टीने या कार्यालयात आजवर एकच इसम नोकरीला होता: टक्कल पडत चाललेला, गुडघे धरलेला, बासरी शिकू पाहणारा आणि लग्नाला उभा असलेला. आणि पाचही जण, ही आपलीच चव्हाट्यावर आलेली भानगड आहे असं समजून, आपापला पडदा झाकत होते.

पहिले मामा फुटले. "बासरी माझी," ते खाली बघून म्हणाले. "लहानपणापासून होतं मनात."

"तुमची होय?" साहेब ओरडले. "अहो, मी मागवली की ती! रोज समोर यायची, म्हटलं आपल्याला आवड असणार." सायंकाळी सगळे गेल्यावर केबिनमधला नळ शिट्टी मारतो, असं इतके दिवस शेजारच्या कार्यालयात मानलं जात होतं, ते साहेब होते. मामांचे केस घोड्याच्या आयाळीसारखे दाट, तरी ते केसांची जाहिरात पाहून घाबरले होते आणि रोज डोक्याला कांद्याचा रस चोळत होते. (गोदामातल्या वासाबद्दलची जुनी तक्रार इथे निकाली निघाली.) गुडघे नानांचे होते. पण गुडघ्याचे पट्टे साहेबांनी आणि मामांनीही घेतले होते, आणि दोघांनाही फरक पडला होता. नानांनी तर अंगठी सारखी समोर येते म्हणून तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा बायकोला अंगठी नेली. बायको तेव्हापासून रोज त्यांचे खिसे तपासत होती.

हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब टेबलावर हात आपटत होते. हसले नाहीत ते फक्त भाऊसाहेब.

"आणि अंगठी कोणाची?" छत्रीबाईंनी विचारलं.

हसू थांबलं. छत्रीबाई टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होत्या.

"मी तर त्या यंत्रावर कधी काही शोधलंच नाही," त्या म्हणाल्या. "छत्र्यांची नोंद करायची आणि बंद करायचं. तरी रोज अंगठी यायची. मला वाटलं, याला कसं कळलं?"

साहेबांनी घसा खाकरला आणि चौकशी समिती नेमावी, असं सुचवलं. वायरवाल्याने मशिन शोधून द्यायची तयारी दाखवली. समिती नेमली असती, तर भाऊसाहेब सुखरूप निवृत्त झाले असते. आयुष्यभर त्यांनी हेच तर केलं होतं. ते उभे राहिले.

"अंगठी माझी," ते म्हणाले.

छत्रीबाईंनी चष्मा नाकावर सारखा केला. मग कामाच्या आवाजात म्हणाल्या, "पाठ करा. वर्णन सांगा."

भाऊसाहेब भिंतीकडे वळले. "चष्मा," ते म्हणाले. "डाव्या दांडीला दोरा बांधलेला, हिरवा. आधी निळा होता. छत्री झटकताना डोळे मिटते. मोडकी छत्री आली तर तिला ओरडत नाही, काडी सरळ करते. दुपारच्या चहात साखर घालते आणि ढवळायला विसरते, मग शेवटचा घोट गोड लागला की एकटीच हसते. मी... आम्ही तिथून बघतो. टेबल मीच हलवलं होतं."

मागे एक खुर्ची सरकली. भाऊसाहेबांना वाटलं, सगळे उठून गेले.

"ओळख पटली," छत्रीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कामाचा राहिला नव्हता.

"पोच घ्या, पोच घ्या," साहेब म्हणाले, आणि भर बैठकीत त्यांनी कपाटातून बासरी काढली. ती त्यांना अजिबात वाजवता येत नव्हती. ती त्यांनी मनसोक्त वाजवली.

कार्यालय वाचलं, हे सांगायला नकोच. समितीने दुसऱ्या क्रमांकाचा ब्लॉकर सर्वानुमते निवडला. नानांनी कडकवाल्यांचीही गाठ घेतली, साहेबांचा फोटो 'स्वीकारार्ह' ठरून शहरभर परत आला, नंबर त्याच्याखाली दिसेनासा झाला, लोकांचे फोन थांबले आणि मांडण्या पुन्हा गच्च भरल्या. लग्नात नानांची बायको अंगठी घालून आली होती आणि नानांचा उजवा खिसा तेव्हाही उलटा होता.

तुम्ही हे वाचताना हसला असाल, आणि कार्यालयात असले लोक बिनबोभाट भरतात म्हणून मानही हलवली असेल. हलवा. तुमच्याकडे काही कार्यालय नाही. घर आहे, आणि घरात बाहेर जाणारी लाइन एकच आहे. परवा तुमच्या पडद्यावर एका माणसाला पुरेल एवढ्या छोट्या घराची जाहिरात आली होती. 'आपल्याला कशाला हवंय हे' म्हणून तुम्ही ती बंद केलीत आणि त्याच दिवशी ब्लॉकर शोधायला बसलात. बरोबरच केलंत, ती तुमची नव्हती. त्या वेळी घरात आणखी कोण होतं?